समितीत एक खुर्ची तालुक्याच्या ग्रंथपालाची असू द्या

प्रति,
‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला दिशा देणाऱ्या समित्यांचे सन्माननीय सदस्य,
द्वारा : इन्फ्लिबनेट केंद्र, गांधीनगर.



मी सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयाचा ग्रंथपाल आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी या योजनेला मंजुरी दिली, तेव्हा आम्हा ग्रंथपालांना मनापासून आनंद झाला. 30 आंतरराष्ट्रीय प्रकाशक, जवळपास 13 हजार नियतकालिके, 6,300 हून अधिक संस्था, 1 कोटी 80 लाखांच्या आसपास विद्यार्थी, प्राध्यापक आणि संशोधक, आणि 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6 हजार कोटी रुपये. एवढ्या मोठ्या प्रमाणावर देशाने एकत्र येऊन नियतकालिके घेण्याचा विचार केला, ही गोष्ट साधी नाही. एल्सेव्हिअर, स्प्रिंगर नेचर, वायली यांच्यासारख्या प्रकाशकांशी एकेकट्या विद्यापीठाने काय घासाघीस करायची? दरवर्षी दर वाढायचे आणि ग्रंथालय समितीच्या बैठकीत कोणती नियतकालिके बंद करायची याची यादी व्हायची. ती वेळ ज्यांनी टाळली त्यांचे ऋण मान्य करूनच हे पत्र लिहितो आहे.

ही योजना राबवणाऱ्या इन्फ्लिबनेटचा आरंभ 1991 मध्ये पुण्याच्या आयुका या संस्थेच्या अखत्यारीत, एक प्रकल्प म्हणून झाला. 1996 मध्ये ते यूजीसीचे स्वतंत्र आंतरविद्यापीठ केंद्र झाले. पण खेड्यापाड्यातल्या महाविद्यालयांपर्यंत ते खऱ्या अर्थाने पोहोचले 2010 मध्ये, एन-लिस्ट या योजनेमुळे. यूजीसीच्या 2(एफ) आणि 12(बी) यादीतल्या महाविद्यालयाने वर्षाला सहा हजारांच्या आत वर्गणी भरायची आणि हजारो नियतकालिके, लाखाच्या घरातली ई-पुस्तके खुली व्हायची. शिवाय प्रत्येक वाचकाला स्वतंत्र यूजरनेम आणि पासवर्ड. जतहून, आटपाडीहून, पाटणच्या वाड्यांवरून एसटीने येणारा विद्यार्थी चारच्या गाडीला निघतो, त्याला ग्रंथालयात बसायला वेळच नसतो. त्याला घरी मोबाइलवर लेख वाचता येणे ही किती मोठी सोय आहे, हे ज्यांच्या कॅम्पसवर रात्री बारापर्यंत वाचनकक्ष उघडा असतो त्यांच्या सहजी ध्यानात येणार नाही. एन-लिस्ट ज्यांनी आखली त्यांच्या ते ध्यानात आले होते.

आता अडचण सांगतो. नव्या योजनेचा पहिला टप्पा केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षणसंस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय या शब्दांत नेमके बसतात. पण साताऱ्यात आणि सांगलीत उच्च शिक्षण उभे राहिले ते प्रामुख्याने शिक्षणसंस्थांच्या बळावर. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय काढले. पुढे तालुक्या-तालुक्यात महाविद्यालये झाली, ती अशाच संस्थांनी लोकवर्गणीतून आणि देणग्यांतून उभी केली. त्यांच्या प्राध्यापकांचा पगार राज्य सरकार देते, प्रवेशाचे आणि परीक्षेचे नियम विद्यापीठ ठरवते, व्यवस्थापन मात्र संस्थेचे. अशा महाविद्यालयाला सरकारी म्हणायचे की खासगी? मुंबई-दिल्लीतल्या शुल्कावर चालणाऱ्या खासगी विद्यापीठाशेजारी आम्हाला बसवणे न्यायाचे होणार नाही. आमच्याकडे शिकणाऱ्यांत ऊसतोड कामगारांची, द्राक्षबागेत रोजाने जाणाऱ्यांची मुले आहेत, आणि घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेल्या मुली आहेत.

माझे म्हणणे असे की ‘व्यवस्थापनाखालील’ हा शब्द लिहिला जात असताना अनुदानित महाविद्यालयाचा एखादा ग्रंथपाल टेबलाशी असता, तर त्याने तिथेच हात वर केला असता. हा प्रश्न मसुद्यातच सुटला असता.

सातारा-सांगलीतला माणूस सहकारात वाढलेला आहे. साखर कारखाना असो की गावची विकास सोसायटी, सभासदाला वार्षिक सभेची नोटीस येते, तिच्याबरोबर अहवाल आणि ताळेबंद येतो. सभेत दोन एकरांचा शेतकरी उठून उसाच्या दराबद्दल अध्यक्षांना प्रश्न विचारतो. सगळ्याच सभा आदर्श होतात असे नाही, पण प्रश्न विचारण्याचा त्याचा हक्क कुणी नाकारत नाही. ग्रंथालयांचा समूह हीसुद्धा एक सहकारी खरेदीच आहे. अनेकांनी मिळून एका दराने घ्यायचे आणि सगळ्यांनी वापरायचे. मग सभासद ग्रंथालयांना अहवाल मिळावा, प्रश्न विचारता यावेत आणि आपला प्रतिनिधी निवडता यावा, ही अपेक्षा अवाजवी कशी?

प्रतिनिधी हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. सचिव, कुलगुरू, राष्ट्रीय संस्थांचे संचालक यांचा अधिकार आणि अभ्यास मोठा आहे. वाटाघाटीला त्यांचेच वजन लागते. पण ते ग्रंथालयाचे दैनंदिन काम करत नाहीत. विद्यार्थ्याचा पासवर्ड चालत नाही तेव्हा तो ग्रंथपालाकडे येतो. प्राध्यापकाला हवा तो लेख उघडत नाही, पैसे भरण्याचे पान पुढे येते, तेव्हा फोन ग्रंथपालाला येतो. हे अनुभव वर पोहोचण्याची वाट आज ई-मेल आणि कार्यशाळेतली प्रश्नोत्तरे एवढीच आहे. समितीत प्रत्येक विभागातून आळीपाळीने एक ग्रंथपाल घ्या. एक राष्ट्रीय संस्थेचा असेल तर एक राज्य विद्यापीठाचा आणि एक तालुक्याच्या महाविद्यालयाचा असू द्या. दोन-तीन वर्षांची मुदत ठेवा. निवड ग्रंथपालांच्या संघटनांमधून होऊ द्या. मुदत संपल्यावर त्याने आपल्या विभागातल्या ग्रंथपालांसमोर उभे राहून काय मांडले आणि काय मिळवले ते सांगावे, असा नियमच करा.

याला आणखी एक कारण आहे. योजनेच्या वापराचा आढावा अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन वेळोवेळी घेणार आहे. आढावा व्हायलाच हवा, कारण वर्षाला सरासरी 2 हजार कोटी म्हणजे माणशी अकराशे रुपयांच्या आसपास खर्च आहे आणि तो करदात्याचा आहे. मात्र केवळ डाउनलोडच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नयेत. अनेक महाविद्यालयांत ग्रंथपालाचे पद वर्षानुवर्षे रिकामे आहे. लिपिक किंवा एखादा प्राध्यापक चाव्या सांभाळतो. तिथे ई-नियतकालिकांची नोंद नॅकच्या मूल्यांकनापुरती होते आणि फाइल कपाटात जाते, हेही मी लपवणार नाही. अशा महाविद्यालयाचा वापर शून्य दिसला तर त्याला गरज नाही असा अर्थ काढायचा, की शिकवणारा माणूस नाही असा? आकड्यामागची ही हकिगत सांगणारे कुणी समितीत नसेल, तर पहिली कात्री लहान महाविद्यालयांवर चालेल.

आणि गरज नाही असे कोण म्हणेल? हरिपूरच्या हळदीच्या पेवांनी सांगलीची पेठ मोठी केली, 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीतल्या कर्क्युमिनवर जगभर ढिगाने संशोधन प्रसिद्ध होते. रसायनशास्त्राच्या एमएस्सीला असणारी तासगावची मुलगी आपल्या परड्यातल्या पिकावरचा असा एखादा लेख उघडायला जाते आणि डॉलरमधली किंमत पाहून खिडकी बंद करते. साताऱ्याचे कास पठार 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा ठरले. त्या पठारावरच्या वनस्पतींचे निबंधही परदेशी नियतकालिकांत जातात. वाट दाखवणारा गावकरी आणि नमुने ओळखून देणारा स्थानिक प्राध्यापक यांना छापलेला निबंध वाचता येऊ नये, हे मला सहन होत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशाने विनापरवाना शोधलेख फुकट देणारे सायहब हे संकेतस्थळ भारतात रोखले गेले. कायद्याने जे व्हायचे ते झाले. आता सरळ दार तेवढ्याच तातडीने उघडणे तुमच्या हाती आहे.

जर्मनीत विद्यापीठांच्या कुलगुरू परिषदेच्या पुढाकाराने प्रकाशकांशी अशाच वाटाघाटी करणारा ‘डील’ नावाचा प्रकल्प चालतो. वायलीशी 2019 मध्ये झालेला त्यांचा करार जाहीरपणे प्रसिद्ध करण्यात आला. कोणीही तो वाचू शकतो, दर पाहू शकतो, कलमांवर टीका करू शकतो. आपल्या 30 करारांची कलमेही भारतीय ग्रंथपालांना वाचायला मिळोत. त्याचबरोबर चांगल्या मुक्त नियतकालिकांत लेख छापण्याच्या शुल्कासाठी दरवर्षी 150 कोटींपर्यंतची तरतूद आहे. तिचा लाभ कोणत्या संस्थांना किती झाला, याची यादीही जाहीर व्हावी.

योजनेच्या आराखड्यात पुढे खासगी संस्था आणि त्यानंतर सार्वजनिक ग्रंथालयांतून सर्व नागरिक असे टप्पे मांडले गेले आहेत. या शेवटच्या टप्प्याची प्रयोगभूमी म्हणून सातारा आणि सांगली निवडा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. साताऱ्याच्या नगर वाचनालयाला एकोणिसाव्या शतकापासूनची परंपरा आहे. सांगलीचे नगर वाचनालय 2019 च्या महापुरात बुडाले, कृष्णेच्या पाण्यात जुने दुर्मीळ ग्रंथ गेले. पुन्हा उभे राहणाऱ्या त्या वाचनालयात चार संगणकांवर ही नियतकालिके खुली झाली, तर मिरजेतला खासगी दवाखाना चालवणारा डॉक्टर, निवृत्त अभियंता, स्पर्धा परीक्षा सोडून संशोधनाकडे वळू पाहणारा तरुण असे सगळे तिथे येतील. 2017 मध्ये सातारा जिल्ह्यातले भिलार पुस्तकांचे गाव झाले; अशा भागात वाचक शोधावे लागणार नाहीत.

मराठीचेही थोडे बोलले पाहिजे. किर्लोस्करवाडीहून निघालेल्या ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’ मासिकांनी महाराष्ट्राला विचार करायला शिकवले. वाईहून ‘नवभारत’ निघाले, वाईतच मराठी विश्वकोशाचे काम झाले आणि तो आज जालावर सर्वांना फुकट वाचता येतो. मराठीतून समाजशास्त्र, इतिहास, शेती यांवर लिहिणाऱ्या नियतकालिकांचे जुने अंक स्कॅन करून याच व्यवस्थेत आणायला परदेशी प्रकाशकांच्या मानाने अगदी किरकोळ पैसे लागतील. भारतीय भाषांसाठी स्वतंत्र तरतूद ठेवा.

सध्याची मुदत 31 डिसेंबर 2027 ला संपते. पुढच्या वाटाघाटी त्याआधी बराच काळ सुरू होतील आणि यादीत कोण राहणार हेही तेव्हाच ठरेल. त्या बैठकांच्या आधी अनुदानित महाविद्यालयांना पहिल्या टप्प्यातल्या संस्थांच्या बरोबरीने घ्या, आणि नव्या समितीच्या नावांत तालुक्याच्या ग्रंथपालाचे नाव असू द्या. बोलावलेत तर स्वतःच्या खर्चाने गांधीनगरला येऊन आमच्या दोन्ही जिल्ह्यांतल्या ग्रंथालयांची सगळी माहिती तुमच्यापुढे ठेवायला मी तयार आहे.

आपला नम्र,
एक ग्रंथपाल, सांगली जिल्हा