छिद्रे मोजली, प्रवाह कोण मोजणार?

तेलविहीर खोदून झाली की तेल हाती आले, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः खोदाईनंतर विहिरीत पोलादी नळी उतरवून तिच्याभोवती सिमेंट भरतात, तेव्हा विहिरीचा तेलधारी खडकाशी असलेला संबंधच तुटतो. तो पुन्हा जोडण्यासाठी नळीला स्फोटकांनी छिद्रे पाडावी लागतात. या क्रियेस परफोरेशन म्हणतात. विहिरीच्या एकूण खर्चात तिचा वाटा अल्प असतो. उत्पादनावरील परिणाम मात्र दीर्घकालीन.

स्फोटकातून निघणारा धातूचा झोत सेकंदाला काही किलोमीटर वेगाने पोलाद, सिमेंट आणि खडक भेदतो. तो खडक कोरून बाहेर काढत नाही, बाजूला दाबतो. परिणामी छिद्राभोवती चिरडलेल्या खडकाचे पातळ कवच तयार होते आणि ज्या वाटेने तेल यावयाचे, तिच्याच भिंती लिंपल्या जातात. प्रवाहातील अशा अडथळ्याचे माप अभियंते 'स्किन' या अंकाने सांगतात.

उपाय अज्ञात नाही. विहिरीतील दाब खडकातील दाबापेक्षा कमी ठेवून छिद्रण केल्यास आत उसळणारा द्रव चुरा वाहून नेतो. मात्र हा फरक अति झाला, तर ठिसूळ वालुकाश्म ढासळून विहिरीत वाळू येते. मुंबई हायच्या चुनखडीत आम्लाने बरीच दुरुस्ती साधते. अंकलेश्वरच्या वालुकाश्मात ते तितके सुकर नाही. सारांश, येथे ठरीव साचा चालत नाही.

आमच्या निविदापद्धतीला मात्र साचाच प्रिय. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या १९-बी या मानकात एक चाचणी काँक्रीटवर होते व झोत किती खोल गेला ते सांगते. दुसरी दाबाखालील खडकावर होते व छिद्रातून प्रवाह किती येतो ते पाहते. तुलनातक्त्यात पहिलीचा आकडा चटकन बसतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला येथे जुनाच दोष दिसतो: जे मोजणे सोपे, तेच आपण विकत घेतो. वाचलेला रुपया याच वर्षीच्या फाइलीत दिसतो. न आलेल्या तेलाचे व्हाउचर कोणीच फाडत नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये अर्थ मंत्रालयाने सल्लागारेतर सेवांतही, ठरावीक अटींवर, गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भारांक देण्याची मुभा दिली. तिचा उपयोग अशा कामांत व्हावा. छिद्रणानंतर दाबचाचणी करून स्किनची नोंद विहिरीच्या कागदपत्रांत अनिवार्य करावी आणि देयकाचा काही अंश तिच्याशी जोडावा. खोदाईच्या चिखलानेही खडकाची हानी होते, तिचा दोष छिद्रण करणाऱ्यावर का, असा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच दोन्ही हानींचे विश्लेषण स्वतंत्र तज्ज्ञांकडून व्हावे.

गरजेच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करणाऱ्या देशाने नवी क्षेत्रे शोधावीत, हे योग्यच. परंतु सापडलेल्या तेलाची वाट आपल्याच हाताने बुजत असेल, तर त्याचा हिशेब आधी मांडला पाहिजे.