हाताची घडी, खिसा उघडा

जुगाराला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला कीर्तनाला उभं करणार नाही. दिवाळीत आमच्याकडे तीन पत्ती रंगते, भिशीत रमी होते, आणि माझी आई ज्या सफाईनं कॅट पिसायची ते बघून शेजारणी पैसे आधीच पदरात घट्ट बांधायच्या. माझं भांडण आहे ते क्रूझवरच्या कॅसिनोशी, आणि तेही पैसे गेले म्हणून नाही. ते घालवायलाच गेले होते. भांडण आहे ते तिथं दर पाच मिनिटांनी कुणाला तरी सुनावल्या जाणाऱ्या एका वाक्याशी: पत्त्यांना हात लावू नका.

नियम तरी कसले, ते पाहा. ब्लॅकजॅकचे सहा-आठ कॅट एकत्र करून ‘शू’ नावाच्या पेटीतून पत्ते वाटत असतील, तर ते उघडेच पडतात आणि खेळणाऱ्यानं त्यांना शिवायचंही नसतं. आणखी पत्ता हवा असेल तर टेबलावर बोट टेकायचं, नको असेल तर पालथा पंजा पत्त्यांवरून हलवायचा. तोंडी सांगितलेलं चालत नाही, कारण छतातला कॅमेरा फक्त बघतो. एक-दोन कॅटचा, हातानं वाटलेला डाव असेल तर पत्ते पालथे मिळतात. पण उचलायचे एकाच हातानं, टेबलाच्या कडेबाहेर न्यायचे नाहीत आणि पुरे झालं की चिपांखाली सरकवायचे. पैज लावली की स्वतःच्या चिपाही परक्या. पत्ते काटायचं ते रंगीत प्लास्टिकचं कार्ड मात्र मोठ्या अदबीनं आपल्या हाती देतात. खुपसा हवं तिथं. पत्ते सतत गिळून सतत ओकणारं यंत्र बसवलेलं असेल तर तेवढाही मान मिळत नाही.

आता यातलं खरं ते खरं म्हणू. नखानं पत्त्याला ओरखडा काढणारे, कोपरा हलकेच मुडपणारे, एक पत्ता बाहीत सरकवून दुसरा पुढे करणारे जगात आहेत. दोन हात लागले की बदलाबदली सोपी होते, एका हातानं ती अवघड जाते. पत्त्याच्या पाठीवर खूण करून ठेवली तर पुढच्या डावात वाटणाऱ्याचा पालथा पत्ता ओळखता येतो. हे सगळं मला मान्य आहे. कुलूप चोरासाठी असतं, त्याचा राग साव माणसानं का धरावा?

पण त्या जहाजावर मी जे पाहिलं ते कुलूप नव्हतं.

लेक ऑर्लँडोजवळ राहते, तिनं आम्हां दोघांना कॅरिबियनच्या सफरीवर नेलं होतं. थ्री कार्ड पोकरच्या टेबलावर माझ्या डाव्या हाताला एक आजीबाई बसल्या होत्या. बोटं संधिवातानं वाकडी झालेली. तीन पत्ते एका हातानं उचलून, पसरून पाहणं त्यांना जमेना, म्हणून त्यांनी दुसऱ्या हाताचा आधार दिला. ‘वन हँड, प्लीज.’ पुढच्या डावाला पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी खुद्द मॅनेजर मागे येऊन उभा राहिला. त्यानंतर आजीबाईंनी पत्ते पाहायचंच सोडून दिलं. पालथ्या पत्त्यांवर पैसे सरकवत राहिल्या. आपल्या तीन पत्तीत याला ब्लाइंड म्हणतात, आणि ब्लाइंड खेळणाऱ्याला निम्मीच रक्कम लावावी लागते, एवढी तरी माणुसकी आपण ठेवली आहे. इथं सवलत शून्य. उलट या खेळात न बघता प्रत्येक हात खेळला तर घराचा फायदा, नीट बघून खेळण्याच्या तुलनेत, दुपटीहून जास्त होतो. नियम पाळला गेला, आजीबाईंचा खिसा हलका झाला आणि कॅमेऱ्यात सगळं कसं स्वच्छ दिसलं.

दुसऱ्या रात्री त्याच खेळाचे पत्ते सरळ उघडे वाटत होते आणि हात लावायला पूर्ण बंदी होती. विचारलं, तर मॅनेजर म्हणाला, ‘स्वच्छता, मॅडम.’ करोनानंतर हे कारण सगळीकडं सोन्याच्या भावानं खपतं. मी म्हटलं, आणि या चिपा? एक चिप संध्याकाळपासून किती हातांतून फिरली असेल? तिला कुणी आंघोळ घातली? बुफेतला पुलावाचा चिमटा तरी? साहेब हसले. असं हसण्याचं प्रशिक्षण देत असावेत.

खरं कारण दुसरंच आहे आणि ते लाजेकाजेचं नसून हिशेबाचं आहे. गिऱ्हाइकाकडून किती कमाई व्हावी हे कॅसिनो एका साध्या गुणाकारानं ठरवतं: सरासरी पैज, गुणिले ताशी डाव, गुणिले खेळलेले तास, गुणिले घराचा टक्का. फुकटची खोली, फुकटची दारू, पुढच्या सफरीचं आमंत्रण, सगळं याच आकड्यावर ठरतं. समजा पैज २५ डॉलरची, घराचा टक्का २ आणि तासाला ६० डाव. तासाची अपेक्षित कमाई ३० डॉलर. आता पत्ते उचलणं, वळवून बघणं, चुळबुळ, शेजारच्याकडं बघून सुस्कारा, हे सगळं काढून टाका आणि तासाला १०० डाव बसवा. झाले ५० डॉलर. घराचा टक्का वाढवला असता तर चार जाणकारांनी बोंब मारली असती. वेग वाढवला तर कुणी चकार शब्द काढत नाही, उलट ‘काय चपळ पोरगी आहे’ म्हणून बक्षिशी देतात. पत्त्याला लागणारा माझा हात म्हणजे यांच्या लेखी वाया गेलेले चार सेकंद.

टक्काही त्यांनी सोडलेला नाहीच. ब्लॅकजॅकमध्ये पहिल्याच दोन पत्त्यांत एक्का आणि दश्शी, नाहीतर चित्र आलं की पूर्वी दीडपट मिळायचं, म्हणजे १० डॉलरला १५. त्या जहाजावर टेबलाच्या हिरव्या कापडावर ठसठशीत छापलं होतं: सिक्स टू फाइव्ह. म्हणजे १० डॉलरला १२. असा हात साधारण २१ डावांत एकदा येतो, आणि या एका फरकानं घराचा फायदा सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतो. जिथं चांगल्या नियमांत, नीट खेळणाऱ्याविरुद्ध, घराला जेमतेम अर्धा टक्का सुटतो, तिथं हे जवळजवळ चौपट झालं. बाहीत पत्ता लपवून एखाद्या भामट्यानं रात्रभरात जेवढं नेलं नसतं तेवढं हे छापील अक्षर रोज नेतं, आणि त्याला ना एक हात लागतो ना दोन. लास व्हेगासमध्ये गिऱ्हाईक निदान रस्ता ओलांडून दीडपटीचं टेबल शोधतं. जहाजावर रस्ता ओलांडायचा म्हणजे उडी मारायची.

आणि ‘हात लावू नका’ हा नियम सगळ्यांना सारखा असता तरी मी गप्प बसले असते. मकाऊच्या बड्या खोल्यांमध्ये बॅकरा खेळणारे शेठ पत्ता टेबलावर दाबून कडेकडेनं, हळूहळू, मुरगाळून बघतात. ठिपक्यांची पहिली ओळ दिसली की फुंकर मारतात, हरले तर पत्ता चुरगाळून फेकतात. कॅसिनो काय करतं? ते पत्ते एकदा वापरून टाकून देतं, नवे आणतं. म्हणजे उपाय आहे, साधा आहे आणि त्यांना ठाऊकही आहे. त्याची किंमत फक्त मोठ्या पैजेसाठी मोजली जाते. तोच बॅकरा छोट्या टेबलावर आला की वाटणारी पोरगीच सगळे पत्ते उलटते आणि तुम्ही हाताची घडी घालून बसता. स्पर्शाचा हक्क पैजेच्या आकारावर ठरतो, हे आपल्याकडच्या माणसाला मुद्दाम समजावून सांगायची गरज नसावी.

या नियमानं घराचं रक्षण होतं असं मानणाऱ्यांनी पोकरपटू फिल आयवीचा खटला वाचावा. ऑगस्ट २०१२, लंडनचा क्रॉकफर्ड्स क्लब, खेळ पुंतो बांको, बॅकराचाच एक प्रकार. आयवी आणि त्याची जोडीदार चेउंग यिन सन यांनी मिळून सुमारे ७७ लाख पौंड जिंकले. त्या कॅटच्या पाठीवरची नक्षी दोन लांब कडांना अगदी बारीक वेगळी कापली गेली होती, आणि सन बाईंची नजर तो फरक टिपत होती. बाईंनी वाटणारीला सांगितलं, मी जरा शकुन-अपशकुन मानते, चांगला पत्ता आला की असा फिरवून ठेव. तिनं ठेवला. पुन्हा तोच शू हवा, तो लाभतो म्हणाले. दिला. पैज मोठी होती ना! मग काय, सात, आठ, नऊ एका बाजूला तोंड करून बसले आणि पहिला पत्ता पेटीतून निघायच्या आधीच कळू लागला. या सगळ्यात आयवीनं पत्त्याला बोट लावलं नाही. नियम अक्षरशः पाळला गेला आणि घर धुऊन निघालं. क्लबनं पैसे द्यायचं नाकारलं, आयवी कोर्टात गेला आणि २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की ही लबाडीच, कारण वाटणारीचे हात वापरून त्यानं पत्त्यांची मांडणी केली. निकाल मला पटतो. पण त्यातून हेही उघड होतं की ज्यांच्या हातांवर कॅसिनोचा विश्वास होता, घात त्याच हातांनी झाला, आणि मोठ्या पैजेच्या लोभानं स्वतःचे नियम कॅसिनोनंच सैल केले होते.

यंत्रांचं तर बोलायलाच नको. पत्ते पिसायच्या एका प्रसिद्ध यंत्राच्या पोटात कॅमेरा असतो, कॅट पूर्ण आहे का हे तपासायला. २०२३ मध्ये लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत सुरक्षा-संशोधकांनी दाखवून दिलं की बाहेरच्या खाचेत एक छोटं उपकरण अडकवलं तर त्या कॅमेऱ्याला दिसलेला पत्त्यांचा क्रम बाहेर काढता येतो. बावन्नच्या बावन्न पत्ते बघायची त्याला मुभा, आणि संधिवाताच्या आजीबाईंच्या डाव्या हाताला बंदी.

बरं, वाद झालाच तर जायचं कुणाकडं? नेवाडात ५०० डॉलर किंवा त्याहून मोठा वाद मिटला नाही तर कॅसिनोनं राज्याच्या गेमिंग कंट्रोल बोर्डाला ताबडतोब कळवायचं असतं. रक्कम लहान असली तरी ‘तुम्ही बोर्डाकडं दाद मागू शकता’ हे गिऱ्हाइकाला सांगावंच लागतं. जहाज किनारा सोडून ठरावीक अंतर गेलं की कॅसिनोचे दिवे लागतात. झेंडा बहामाजचा नाहीतर पनामाचा, कॅमेरा त्यांचा, कॅमेऱ्यातलं बघणारा माणूस त्यांचा, निकाल देणारा मॅनेजर त्यांचा. तिकिटामागच्या बारीक अक्षरांत दाद कुठं मागायची तेही आधीच ठरलेलं असतं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या शूट नावाच्या बाई कार्निव्हल कंपनीच्या जहाजावर भटारखाना बघताना पायपुसण्यावरून घसरून पडल्या. तिकिटावर छापलं होतं, दावा फ्लोरिडातच लावायचा. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला! १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ती अट वैध ठरवली. पडलेल्या हाडांचं हे, तर माझ्या फिरवलेल्या पंजाचा अर्थ वाटणाऱ्यानं चुकीचा लावला म्हणून कोण कुठल्या कोर्टाची पायरी चढणार?

वाटणाऱ्या पोरांवर मात्र माझा राग नाही. एक वास्कोचा मुलगा होता, आधी गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर काम केलेला. टेबलावर इंग्रजीशिवाय बोलायची बंदी, म्हणून तिथं मख्ख. डेकवर भेटला तेव्हा ‘मावशी’ म्हणून मोकळा झाला. टेबल सोडताना दोन्ही हात एकदा टाळी वाजवून पुढून-मागून कॅमेऱ्याला दाखवायचे, खिशांवर एप्रन बांधायचा, खाज सुटली तरी हात चेहऱ्याकडं न्यायचा नाही. ‘आणि तासाला किती डाव काढले ते वर लिहून जातं, मावशी. कमी पडले की बोलावतात.’ म्हणजे मला दटावणारा स्वतःही दटावलेलाच. मांडवीचा विषय निघाला म्हणून सांगते: तिथं १९९६ च्या दुरुस्तीनं टेबलांचे खेळ समुद्रातल्या जहाजांवर चालवायला परवानगी मिळाली, आणि आमच्या सरकारी भूगोलानं पणजीसमोरच्या नदीलाच समुद्र करून टाकलं. २०२० पासून गोव्याच्या माणसाला त्या बोटींवर खेळायला प्रवेश नाही. पत्त्याला सोडा, बोटीलाच हात लावू नका.

घरी आल्यावर कंपनीला मी सविस्तर पत्र लिहिलं. मागण्या साध्या होत्या. ज्याचे हात चालत नाहीत त्याला दुसऱ्या हाताचा आधार घेऊ द्या, नाहीतर त्याचे पत्ते उघडे वाटा. बंदीचं कारण सांगायचं तर खरं सांगा. आणि कापडावर सिक्स टू फाइव्ह छापता तसं त्याच्याच शेजारी, त्याच मापाच्या अक्षरांत, तासाला किती डाव काढायचं ठरवलं आहे आणि तक्रार तुमच्या पगारावर नसलेल्या कुठल्या माणसाकडं करायची, तेही छापा.

उत्तर आलं. माझ्या मोलाच्या सूचनांबद्दल आभार होते, आजीबाईंबद्दल अवाक्षर नव्हतं, आणि सोबत पुढच्या सफरीत त्याच टेबलांवर वापरायचं २५ डॉलरचं कूपन होतं. खाली बारीक अक्षरांत: रोख रक्कम मिळणार नाही.