मोडण्यासाठींच केलेला बोल्ट

गृहस्थाच्या घरांत ज्या वस्तु टिकतात त्यांची आपण वाखाणणी करतों आणि ज्या मोडतात त्यांस बोल लावतों. परंतु एखादी वस्तु मोडण्यासाठींच केलेली असते, व ती वेळेवर मोडली यांतच तिचें सार्थक असतें, ही गोष्ट इतकीं वर्षें मुलांना गणित आणि संस्कृत शिकवूनहि माझ्या ध्यानांत आली नव्हती. ती गेल्या ज्येष्ठांत आमच्या गोठ्यांतल्या कारखान्यानें मला शिकविली. आणि ज्या प्रसंगानें शिकविली त्यांत मोठा दोष माझाच असल्यामुळें, तो लपवून न ठेवतां वाचकांपुढें मांडणें हें मी माझें कर्तव्य समजतों.

आमची शेती कृष्णाकांठीं, वाईच्या खालच्या अंगास आहे. बांधावर बाभळी, मळ्यांत आंब्याचीं पंचवीस-तीस झाडें व शेवग्याची एक रांग. पूर्वीं छाटलेल्या फांद्या चुलीला पुरत नसत. घरांत गॅस आल्यापासून त्या कोणासच नकोशा झाल्या. दरवर्षीं त्यांचा ढीग पेटवावयाचा, दोन दिवस गांवभर धूर करावयाचा आणि आमच्या दादांच्या दम्यास आमंत्रण द्यावयाचें, असा क्रम चालला होता. तो थांबावा म्हणून माझ्या पुतण्यानें फांद्यांचा चुरा करणारें, ट्रॅक्टरच्या बळावर चालणारें एक जुनें यंत्र विकत आणलें. त्यास सारे जण चिपर म्हणतात. गुरें गेल्यापासून गोठा रिकामाच होता. तेथें पुतण्याचें वेल्डिंगचें यंत्र, ग्राइंडर व ड्रिल अगोदरच नांदत होतीं. यंत्रशास्त्राची पदविका त्याच्यापाशीं आहे, आणि वस्तु जशी मिळाली तशीच वापरावयाची नाहीं, असा त्याचा बाणा आहे.

या यंत्राची रचना गृहिणींस चट्कन् समजेल. पोलादाची एक जड तबकडी फिरत असते व तिच्यावर धारदार पाती बसविलेलीं असतात. समोर एक स्थिर पट्टी असते, तिला ऐरण म्हणतात. फांदी या दोहोंच्या मध्यें येते व अडकित्त्यांत सुपारी कातरावी तशी कातरली जाते. अडकित्त्याचा खिळा ढिला झाला, म्हणजे सुपारी कातरली न जातां चेंगरते. त्याचप्रमाणें पातें आणि ऐरण यांतील अंतर वाढलें, कीं लांकूड कापलें न जातां रगडलें जातें. हें अडकित्त्याचें उदाहरण वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचा उपयोग आहे.

तबकडीला गति मिळते ती ट्रॅक्टरच्या मागें बाहेर आलेल्या खांचदार दांड्यापासून. शेतकरी त्यास पीटीओ म्हणतात. इंजिन नेमलेल्या वेगानें चाललें, म्हणजे हा दांडा मिनिटास ५४०, म्हणजे सेकंदास ९ फेरे घेतो. त्याच्यापासून यंत्रापर्यंत एक जोडदांडा जातो. त्याच्या यंत्राकडील टोकास लोखंडाच्या दोन चकत्या एकमेकींस टेकून असतात. एक दांड्याबरोबर फिरते, दुसरी तबकडीस फिरविते, आणि दोहोंतून आरपार एकच बोल्ट घातलेला असतो. यंत्रांत कांहीं अडकलें व तबकडी थांबली, तर हा बोल्ट कातरला जातो, दोन्ही चकत्या सुट्या होतात आणि ट्रॅक्टरचें सारें बळ निरुपद्रवी होऊन जातें. कारागीर त्यास शिअर बोल्ट म्हणतात. सर्व यंत्रांत तो मुद्दाम दुर्बल ठेवलेला असतो.

पुतण्यानें प्रथम एक उत्तम सुधारणा केली. यंत्राचें तोंड आंखूड होतें. त्यानें पत्रा वांकवून व जोडून तें इतकें लांब केलें, कीं माणसाचा हात कितीहि पुढें गेला तरी पात्यापर्यंत पोंचूं नये. मळणीयंत्रांनीं किती शेतकऱ्यांचे हात नेले, हें आपल्या देशांत सर्वांस ठाऊक आहे. अशा यंत्रांसाठीं १९८३ सालीं संसदेस स्वतंत्र कायदा करावा लागला. तेव्हां या कामाबद्दल मीं त्याची पाठ थोपटली.

नंतर काम सुरू झालें, आणि तो बोल्ट मोडूं लागला. दिवसांतून चारदां, पांचदां मोडूं लागला. ट्रॅक्टर व यंत्र यांच्या बाजूस एका सागवानी स्टुलावर बोल्टांचा डबा घेऊन बसणें हें काम माझ्याकडे आलें. "काका, बोल्ट!" अशी आरोळी आली, कीं इंजिन बंद व्हावयाचें, मोडका तुकडा काढावयाचा, नवा घालावयाचा. तिसऱ्या दिवशीं मला या उधळपट्टीचा वीट आला. मी साताऱ्यास गेलों व दुकानदारास म्हणालों, "याच मापाचा, पण न मोडणारा द्या." त्यानें दिला. त्याच्या माथ्यावर १०.९ असे अंक होते. जुन्याच्या माथ्यावर ४.६ होते. मी गणिताचा शिक्षक. पण हे अंक काय सांगतात, हें विचारण्याचें मला सुचलें नाहीं. त्यांतील पहिला अंक धातूचें बळ सांगतो. ४ असेल तर दर चौरस मिलिमीटरास सुमारें ४० किलोंचा ताण सोसेपर्यंत तो तुटत नाहीं. १० असेल तर सुमारें १०० किलोंचा. म्हणजे जो पहारेकरी ठराविक भारास शरण जावा म्हणून नेमला होता, त्याच्या जागीं मीं अडीचपट हट्टी पहारेकरी आणून बसविला. पुतण्याच्या मनांत क्षणभर शंका आली असावी. पण काकांनीं आणलेली वस्तु त्यानें मुकाट्यानें बसविली. संध्याकाळीं हंसून म्हणाला, "काका, आतां तुम्हांला सुट्टी!"

दोन दिवस खरोखरच एकहि बोल्ट मोडला नाहीं. तिसऱ्या दिवशीं सकाळीं परसांतल्या जुन्या आंब्याची एक फांदी आली. पूर्वीं आमच्या मातोश्रींनीं वाळवणाची दोरी बांधण्यासाठीं त्या फांदीस एक बोटभर जाडीचा लोखंडी आंकडा ठोकून घेतला होता. सालीनें तो केव्हांच गिळून टाकला होता. बाहेरून त्याची खूणहि राहिली नव्हती. मी संवयीनें स्टुलावर बसलों होतों. इतक्यांत वहिनींनीं ओसरीवरून चहासाठीं हांक मारली, म्हणून उठलों. ओसरीची पायरी चढतों न चढतों, तोंच मागें असा आवाज झाला, कीं हातांतलें उपरणें गळून पडलें.

आंकडा पातें आणि ऐरण यांच्या मध्यें पाचरीसारखा बसून तबकडी जागच्या जागीं थांबली होती. ट्रॅक्टर मात्र थांबला नव्हता. बोल्टानें मोडावयास पाहिजे होतें; तो मोडला नाहीं, म्हणून जोडदांड्याचा सांधा मोडला. एका टोकानें सुटलेला तो दांडा दुसऱ्या टोकाशीं सेकंदास नऊ फेऱ्यांनीं गरगरत राहिला, व पुतण्यानें झडप घालून इंजिन बंद करीपर्यंत जें आड आलें तें त्यानें फोडलें. त्याचें प्लास्टिकचें आवरण फुटलें, बोल्टांचा डबा चेपला, आणि त्या सागवानी स्टुलाचे दोन पाय व बैठक यांच्या ढलप्या उडाल्या. चहाचा पेला वहिनींच्या हातांत तसाच होता. कोणी कांहीं बोललें नाहीं. पुतण्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो स्टुलाकडे पाही आणि मग माझ्याकडे पाही.

रात्रीं जेवणें झाल्यावर सर्व मंडळी ओसरीवर बसली, तेव्हां मीं सांगितलें, कीं अपराध त्याचा नसून माझा आहे. बोल्ट मीं आणला होता. त्यावर सूनबाई हलकेच म्हणाल्या, "काका, कुकरच्या झांकणावर ती लहानशी सेफ्टी व्हॉल्व्ह असते. पाणी आटलें, कीं ती वितळते नि वाफ बाहेर पडते. वारंवार वितळते म्हणून आपण तिच्या जागीं लोखंडी स्क्रू बसवूं का? वारंवार कां वितळते, तें पाहूं." आमच्या घरांतल्या दोन शिकलेल्या पुरुषांस जें सुचलें नव्हतें, तें त्यांनीं स्वयंपाकघरांतून सांगितलें.

मग बोल्ट कां मोडत होता, याचा शोध सुरू झाला. पुस्तिका काढली, ती मीं यापूर्वीं उघडलीहि नव्हती. तीन कारणें निघालीं. पात्यांची धार गेली होती. पातें व ऐरण यांतील अंतर एक-दीड मिलिमीटर असावयाचें, तें चारांवर गेलें होतें. म्हणजे अडकित्ता ढिला झाला होता. आणि इंजिन वेगांत असतांनाच पीटीओ जोडला जात होता, त्यामुळें जड तबकडीस एकदम हिसका बसे. पुतण्यानें पातीं पाजळलीं, ऐरण सरकविली, नवा सांधा व नवें आवरण बसविलें, आणि बोल्ट पुस्तिकेंत लिहिला होता तोच, ४.६ अंकाचा, घातला. आतां इंजिन मंद असतांना पीटीओ जोडतात व मग वेग वाढवितात. पुढचें सारें काम झालें, त्यांत बोल्ट एकदांच मोडला. एका बाभळीच्या बुंध्यांत कुंपणाची तार निघाली. इंजिन बंद केलें, तबकडी पूर्ण थांबण्याची वाट पाहिली, तार काढली. दहा मिनिटांचें काम. यंदां मळ्यांत धूर झाला नाहीं. चुऱ्याचा चार बोटें जाड थर झाडांच्या आळ्यांत, बुंध्यापासून वीतभर दूर, पसरला आहे. तो मातींत कालविलेला नाहीं, कारण ताजा लांकडी चुरा मातींत मिसळला तर कुजतांना तिच्यांतील नत्र ओढून घेतो.

ज्यांच्या घरीं ट्रॅक्टर आहे त्यांच्यासाठीं आणखी एक हिशेब मांडतों. जोडदांड्याच्या सांध्याचा व्यास दहा सेंटिमीटर धरला, तर एका फेऱ्यांत एकतीस सेंटिमीटर कापड त्याच्याभोंवतीं गुंडाळलें जाईल. नऊ फेऱ्यांत पावणेतीन मीटरांहून अधिक. म्हणजे नऊवारी लुगडें तीन सेकंदांत संपेल. धोतराचा सोगा, ओढणी, मोकळी वेणी यांची गति निराळी नाहीं. म्हणून आवरण काढून टाकलेल्या दांड्याजवळ कोणी जाऊं नये, आणि चालू दांडा कोणी ओलांडूं नये. आमच्या घरीं आतां त्या जागेभोंवतीं चुन्याची रेघ आहे. मुलें तिच्या आंत येत नाहींत, आणि म्हातारेहि येत नाहींत.

एकत्र कुटुंबांतहि कोणी तरी एक जण सर्वांच्या आधीं कुरकुरतो, आधीं थकतो, आधीं रडतो. त्याला आपण नाजूक म्हणतों, आणि सोसावयास शिक म्हणून उपदेश करतों. तो कुरकुरला म्हणजे इतरांपैकीं कोणाची धार गेली आहे, कोठें अंतर वाढलें आहे, कोण एकदम हिसका देत आहे, हें आधीं पाहावें, असें मला आतां वाटूं लागलें आहे. या वयांत हें शिकलों, याची थोडी लाज वाटते. पण शिकण्यासाठीं उरलों, हें विसरतां येत नाहीं.

तें मोडकें स्टूल दुरुस्त करावयाचें पुतण्यानें मनांत आणलें होतें. मीं त्यास नको म्हटलें. तें गोठ्याच्या दाराशीं तसेंच ठेवलें आहे, आणि त्याच्यावर तो १०.९ चा बोल्ट.