जेकब यांचा आदेश आणि आमची सत्तरी

म्हादई आणि नेत्रावळी ही दोन अभयारण्ये गोव्याला कुठल्याही निवडून आलेल्या सरकारने दिलेली नाहीत. ती दिली एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने, राष्ट्रपती राजवटीत. १९९९ च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत गोव्याला मंत्रिमंडळ नव्हते. कारभार राज्यपाल लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब यांच्या हाती होता. त्या चार महिन्यांत सत्तरीतले २०८ आणि सांगे तालुक्यातले २११ चौरस किलोमीटर जंगल वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आले. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. म्हणजे राज्याचा जवळपास नववा हिस्सा.

मी सत्तरीचा, वाळपईला राहतो. तो निर्णय योग्य होता असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे. माझी तक्रार आहे ती त्यानंतर सत्तेवर आलेल्या प्रत्येक सरकारविषयी.

जेकब मूळचे कोलकात्याचे. बगदादहून येऊन तिथे स्थायिक झालेल्या ज्यू व्यापारी घराण्यातले. युरोपात ज्यूंचे काय चालले आहे हे कानावर आले आणि दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात भरती झाले. १९७१ च्या युद्धात ते पूर्व विभागाचे चीफ ऑफ स्टाफ होते. १६ डिसेंबरला ढाक्याला जाऊन पाकिस्तानी जनरल नियाझींना शरणागतीला तयार करणारे अधिकारी तेच. १९७८ मध्ये निवृत्त झाले, १९९७ मध्ये ‘सरेंडर अॅट ढाका’ हे पुस्तक लिहिले. लष्करप्रमुख माणेकशांच्या मूळ आदेशात ढाक्याचे नावच नव्हते, चितगाव आणि खुलना होते, असे त्यांनी त्यात सरळ लिहून टाकले. त्यावरून वाद झाला, त्यांचे म्हणणे न पटणारे अधिकारी पुढे आले. त्या वादात कोण खरे हे मी सांगू शकत नाही. माझ्या लक्षात राहिली ती लढाईच्या आधीची पाने: त्रिपुरासारख्या आडबाजूच्या मुलखात रेशन आणि दारूगोळा कसा पोचवला, नद्या ओलांडायचे सामान कुठे जमवले, रस्त्यांचे काय केले. हुकूम सुटण्याआधी रसद जागेवर हवी, हा या माणसाचा ध्यास त्या पानापानांत दिसतो.

राज्यपाल म्हणून त्यांचे सगळेच कौतुकाचे नव्हते. राजभवनात येण्याआधी ते भाजपमध्ये होते. १९९८ च्या जुलैत त्यांनी प्रतापसिंह राणे यांचे सरकार बरखास्त केले आणि विल्फ्रेड डिसोझांना शपथ दिली. राणे आमच्याच तालुक्याचे, त्यामुळे इथे त्याचा राग फार होता. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, पण राज्यपालांना घटनेच्या कलम ३६१ चे संरक्षण आहे. बहुमताचा फैसला सभागृहातच व्हायला हवा. तो राजभवनात झाला, हे मला पटलेले नाही.

पण अभयारण्यांचे काम आमच्या आमदारांकडून झालेच नसते, हेही मी ठामपणे सांगतो. पोर्तुगीज अमदानीत वाटलेल्या खाणींच्या सवलती १९८७ च्या कायद्याने भाडेपट्टे झाल्या. त्यातले कितीतरी पट्टे याच डोंगरांवर होते. एकीकडे खाणमालक, दुसरीकडे मतदार. मते मागायची नव्हती म्हणूनच जेकब हे करू शकले.

त्यांच्या राजवटीचा काळ नेमका काजूच्या हंगामाचा. अभयारण्याची बातमी आली तेव्हा आमच्या काजूच्या दारूच्या भाटीवरही तिचीच चर्चा होती. बोंडू मळायची कोळंबी, शेजारी हुर्राकाची भांडी आणि वडील हातात वर्तमानपत्र घेऊन गड्यांना विचारत होते, “आमकां कोणें विचारलें?” काजूची ती बाग त्यांच्या वडिलांनी कुमेरीच्या, म्हणजे फिरत्या शेतीच्या, जागेत लावलेली. वहिवाट तीन पिढ्यांची, पण एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव नाही. सत्तरीत ही घरोघरची गोष्ट आहे. मोकाशांच्या जमिनी, पोर्तुगीज सनदेच्या आल्वारा, गावकीची कोमुनिदाद, सरकारी जंगल यांचा गुंता असा की कसणारा एक आणि कागदावरचा दुसराच.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर वन्यजीव कायद्यात होते. कलम १८ खालची अधिसूचना म्हणजे सरकारने हेतू जाहीर करणे. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांनी लोकांचे दावे मागवायचे, चौकशी करायची, हक्क मान्य करायचे किंवा मोबदला द्यायचा, आणि मग कलम २६-अ खाली हद्द पक्की करायची. विचारायचे होते ते या टप्प्यात. जेकब १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये पंजाबचे राज्यपाल म्हणून गेले. हुकूम सुटला होता, पुढची रसद पोचवणे हे पणजीतल्या सरकारांचे काम होते. वडिलांनी दावा भरला, शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडली. सुनावणीला बोलावणे आले की धुतलेला सदरा घालून, प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन पहिल्या बसने निघायचे. अधिकारी बदललेला असे, नाहीतर रजेवर. दुपारी पुढची तारीख घेऊन परत. वडील गेले, पिशवी आता माझ्या कपाटात आहे, दाव्याचा निकाल अजून नाही.

याच काळात त्या अभयारण्यांनी गोव्याला काय दिले तेही पाहा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अभयारण्यांच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाणकामाला मनाई केली. जेकब यांचा आदेश नसता तर सत्तरीच्या डोंगरांना या निकालाचा काहीच आधार मिळाला नसता. २०१८ मध्ये जलविवाद लवादाने म्हादई नदीचे १३.४२ टीएमसी पाणी कर्नाटकाला आणि १.३३ टीएमसी महाराष्ट्राला दिले. हे पाणी वळवणाऱ्या कळसा-भांडुरा प्रकल्पाचे काम रोखण्यासाठी गोव्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांनी २०२३ च्या जानेवारीत कर्नाटकाला नोटीस बजावली, ती याच वन्यजीव कायद्याच्या कलम २९ खाली. म्हणजे पाण्यासाठी भांडताना आमचे सरकार अभयारण्य पुढे करते, आणि हक्क मागायला आलेल्या गावकऱ्यासमोर त्याच अभयारण्याकडे बोट दाखवून हात वर करते.

२०२० च्या जानेवारीत गोळावलीच्या जंगलात चार वाघ मेलेले सापडले. त्यांना विष घातले होते. गुरे वाघाने मारली म्हणून विष घातल्याच्या आरोपावरून एका धनगर-गवळी कुटुंबातल्या लोकांना अटक झाली. वाघ मारणे हा गुन्हाच आहे आणि त्याची शिक्षा झालीच पाहिजे. पण जंगलाच्या आत राहणाऱ्या, दुधावर पोट असलेल्या घराची म्हैस जाते तेव्हा भरपाई किती दिवसांनी आणि किती खेपांनी हातात पडते, हे इथल्या माणसांना विचारा. जो सरकारी माणूस हक्काच्या सुनावणीला कधी आला नाही, तो पंचनाम्याला मात्र जीप घेऊन आला.

२०२३ च्या जुलैत उच्च न्यायालयाने म्हादई व्याघ्र प्रकल्प तीन महिन्यांत अधिसूचित करण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. लोक विस्थापित होतील, हे कारण. लोकांची एवढी काळजी असेल तर त्यांचे दावे इतकी वर्षे का पडून आहेत? व्याघ्र प्रकल्प झाला पाहिजे असे मला वाटते. पलीकडे कर्नाटकात भीमगड आणि काळी, वर महाराष्ट्रात तिळारी, सगळे जंगल सलग आहे. वाघ या तिन्ही राज्यांतून फिरतो. मधला दुवा गोव्यानेच कच्चा ठेवावा, याला काही अर्थ नाही.

त्याआधी सरकारने तीन गोष्टी कराव्यात. करंझोळ, कुमठळ, साट्रे, देरोडे, सुर्ला, जिथे जिथे दावे पडून आहेत त्या प्रत्येक गावात अधिकाऱ्याने पंचायतीच्या सभागृहात बसून सुनावणी घ्यावी आणि निकाल लेखी द्यावा. कोणते घर व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात येते आणि कोणते बाहेर राहते याची यादी मराठी-कोकणीत पंचायतीच्या फलकावर लावावी, म्हणजे अफवांवर राजकारण करणाऱ्यांचे तोंड बंद होईल. आणि गुरे मारली गेली तर भरपाई महिन्याच्या आत घरपोच द्यावी. यातल्या एकाही कामासाठी नवा कायदा लागत नाही, राष्ट्रपती राजवटही लागत नाही. जेकब २०१६ च्या जानेवारीत दिल्लीत वारले. त्यांच्या राजवटीतली अधिसूचना अजून कलम १८ वरच उभी आहे.