मोहोराचे चित्र घेताना



मालवण-देवगडकडच्या बागांत हापूसला मोहोर फुटला, की किडीचे चित्रीकरण करून आमच्याकडे पाठवले जाते. पद्धत चांगली आहे. पण पुष्कळदा मागची पाने लख्ख आणि मोहोर धूसर! मग तुडतुडा आहे की फुलकिडे, हे सांगणार कसे? ओळख चुकली तर औषध चुकते. पैसा जातो आणि मोहोरही.

कॅमेऱ्याचा स्वयंचलित फोकस ठळक कडा शोधतो. वाऱ्याने मोहोर हलला, की तो मागच्या फांदीवर जातो, पुन्हा पुढे येतो. कमी उजेडात तर चाचपडतच राहतो.

म्हणून सकाळी, वारा पडलेला असताना चित्र घ्यावे. फांदी घरातल्या कोणीतरी अलगद धरावी. धक्का लागला तर तुडतुडे उडतात. फार जवळ जाऊ नये, वीतभर अंतर ठेवावे. बहुतेक मोबाईलवर पडद्यातल्या मोहोरावर बोट दाबून धरले, की फोकस तिथेच कायम होतो. व्हिडिओ कॅमेरा असेल तर फोकस हाताचा करून, आधी झूम वाढवून, मोहोर स्वच्छ दिसेपर्यंत कडे फिरवावे. त्यानंतर मागेपुढे सरकू नये. सरकलात तर फोकस पुन्हा लावावा.

चालत चालत सगळी बाग दाखवायची असेल तेव्हा मात्र स्वयंचलित फोकसच बरा.

पाचरीसारखा, तिरका चालणारा तो तुडतुडा. बारीक, लांबट ते फुलकिडे. एवढे चित्रात दिसले, तरी योग्य सल्ला वेळेवर देता येतो. ओळख पटेपर्यंत पंपाला हात लावू नका.