सॉफ्ट स्किल्सचा तास आणि अभियंत्याचे मौन

कॅम्पस प्लेसमेंटचा हंगाम जवळ आला, की अभियांत्रिकी महाविद्यालयांत एक ठरलेली धावपळ सुरू होते. बाहेरून प्रशिक्षक बोलावले जातात, दोन-तीन दिवसांची कार्यशाळा होते. हस्तांदोलन कसे करावे, टाय कसा बांधावा, स्वतःची ओळख कशी करून द्यावी, याचे धडे गिरवले जातात. तीन वर्षे वर्गात ज्याच्यावर तोंड उघडण्याची वेळ क्वचितच आली, त्या विद्यार्थ्याने तीन दिवसांत बोलते व्हावे, अशी ही अपेक्षा. ती पूर्ण होत नाही, यात आश्चर्य नाही.

या प्रश्नाची चर्चा जुनीच आहे. 'नॅसकॉम' आणि 'मॅकिन्झी' यांच्या २००५ च्या अहवालाने भारतातील अभियांत्रिकी पदवीधरांपैकी जेमतेम २५ टक्केच बहुराष्ट्रीय कंपन्यांत काम करण्यास योग्य असल्याचे म्हटले, तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. त्या अहवालातील कारणांत भाषेवरील प्रभुत्व आणि गटात काम करण्याची वृत्ती यांचाही समावेश होता. त्यानंतर अभ्यासक्रमांत बदल झाले. मुंबई विद्यापीठाने २०१९ च्या आराखड्यात 'प्रोफेशनल कम्युनिकेशन अँड एथिक्स' हा विषय दोन टप्प्यांत ठेवला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१७ मध्ये नवागतांसाठी तीन आठवड्यांचा प्रारंभिक कार्यक्रम आखला. २०१४ मध्ये भारत 'वॉशिंग्टन करारा'चा पूर्ण सदस्य झाला. त्या चौकटीत अभियंत्याच्या अंगी बाणावयाच्या गुणांत गणित-विज्ञानाबरोबरच संवाद, संघकार्य आणि व्यावसायिक नीती यांनाही स्थान आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या नव्या रचनेत क्षमतावर्धनासाठी स्वतंत्र श्रेयांकही मिळाले आहेत. तेव्हा नियमांची वाण नाही. वाण आहे ती सरावाची.

मुळात, बोलण्याचे कौशल्यही लिहून तपासण्याकडेच आपला कल आहे. 'प्रभावी संवादाची सात तत्त्वे लिहा' या प्रश्नाचे उत्तर पाठ करून गुण मिळवता येतात. मात्र तेवढ्याने चारचौघांत मुद्दा मांडता येतोच असे नाही. शिवाय हिशेब साधा आहे. ६० विद्यार्थ्यांच्या वर्गात ६० मिनिटांचा तास पूर्णपणे विद्यार्थ्यांना दिला, तरी प्रत्येकाच्या वाट्याला एकच मिनिट येते. त्यातच २०१८ मध्ये तंत्रशिक्षण परिषदेने शिक्षक-विद्यार्थी प्रमाण १:१५ वरून १:२० केले. त्यामुळे प्राध्यापकाला एकेका विद्यार्थ्याकडे लक्ष देणे अधिकच अवघड झाले. अनेक ठिकाणी हा विषय तासिका तत्त्वावरील शिक्षकाकडे सोपवला जातो आणि तांत्रिक विषयांच्या प्राध्यापकांचा त्याच्याशी संबंध उरत नाही.

दुसरी गल्लत अधिक खोल आहे. सॉफ्ट स्किल्स म्हणजे फर्डे इंग्रजी, असे समीकरण रूढ झाले आहे. इंग्रजीची गरज नाकारण्यात अर्थ नाही. तांत्रिक ग्रंथ आणि परदेशी ग्राहक यांची भाषा तीच आहे. परंतु मराठी माध्यमातून शिकून नंदुरबार किंवा वाशिमहून शहरात आलेला विद्यार्थी गटचर्चेत गप्प राहतो, तेव्हा त्याला मुद्दा सुचत नसतो असे नव्हे. चूक झाली तर हसे होईल, ही धास्ती त्याची वाचा बंद करते. हाच विद्यार्थी प्रयोगशाळेत मित्राला मराठीतून सर्किट समजावून देत असतो. समजावून देणे हे कौशल्य त्याच्याजवळ आहे. भाषेचा अडसर स्वतंत्रपणे दूर करावा लागेल. मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास २०२१ पासून परवानगी मिळाली आणि पिंपरी-चिंचवडमध्ये संगणक अभियांत्रिकीची मराठी तुकडी सुरू झाली, त्यामागचे एक कारण हेच होते.

'सॉफ्ट स्किल्स' या संज्ञेचा उगमही येथे लक्षात घेण्याजोगा आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षण विभागाने ती प्रचारात आणली. यंत्रांशी नव्हे, तर माणसांशी आणि कागदपत्रांशी निगडित असलेली कामे, असा तिचा अर्थ होता. नोकरीच्या मुलाखतीपुरती ती कधीच नव्हती. १९८६ मध्ये 'चॅलेंजर' हे अमेरिकी अंतराळयान उड्डाणानंतर काही क्षणांतच नष्ट होऊन सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. कडाक्याच्या थंडीत रबरी कडी निकामी होण्याचा धोका कंत्राटदार कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्रीच सांगितला होता. तो निर्णय घेणाऱ्यांच्या गळी उतरला नाही. धोका ठामपणे मांडणे आणि कनिष्ठाचे म्हणणे ऐकून घेणे, या दोन्ही गोष्टी अभियंत्याच्या कामाचाच भाग आहेत, हा त्या दुर्घटनेचा धडा.

मग उपाय काय? नवी कार्यशाळा नव्हे. जागा आधीच उपलब्ध आहेत. प्रात्यक्षिकाची तुकडी साधारण वीस जणांची असते. तेथे एकमेकांची जर्नल उतरवून काढण्याऐवजी प्रत्येकाने आपला निष्कर्ष दोन मिनिटांत सांगावा. तोंडी परीक्षेत व्याख्या विचारण्यापेक्षा 'हे असेच का केले?' असे विचारावे. प्रकल्पाच्या गटात कोणी काय केले, मतभेद कसे सोडवले, यालाही गुण असावेत. पहिल्या वर्षी मराठीतून बोलण्याची मुभा आणि पुढे टप्प्याटप्प्याने इंग्रजी, हा क्रम स्वीकारल्यास बिघडत काहीच नाही. मात्र त्यासाठी यंत्र आणि स्थापत्य विषयांच्या प्राध्यापकांनाच प्रशिक्षण द्यावे लागेल.

घरातील पहिला पदवीधर होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यामागे अनेकदा शैक्षणिक कर्ज असते, कधी विकलेली जमीन असते. केटी न लागता चार वर्षे काढूनही तो दहा मिनिटांच्या गटचर्चेत बाद होतो आणि दोष स्वतःलाच देत परततो. त्याला बोलण्याची संधी न देणाऱ्या चार वर्षांचा हिशेब मात्र कोणी मागत नाही. तो विद्यापीठांनी आता स्वतःहून मांडला पाहिजे.