साडी उतरेपर्यंतचं कौतुक

भाऊबीज झाली की नागपूर जिल्ह्यातल्या आमच्या पारशिवनी तालुक्यात मंडईचा हंगाम सुरू होतो. दिवसा बाजार, रात्री दंडार नाहीतर खडीगंमत, ही आमची लोकनाट्यं. या आठवड्यात अशाच एका मंडईनंतर कलावंतांचा सत्कार झाला. शाल-श्रीफळ देताना पाहुणे म्हणाले, "पुरुषानं बाई होणं महाराष्ट्राला नवीन नाही. ही बालगंधर्वांची भूमी आहे. तृतीयपंथीयांना आपण कधीच परकं मानलं नाही." टाळ्या पडल्या. ज्याचा सत्कार चालला होता तो, बाईचं सोंग घेणारा नाच्या, शाल सावरत खाली मान घालून उभा होता. आदल्या रात्रीची त्याची चित्रफीत गावातल्या पोरांनी मोबाइलवर फिरवली होती, आणि तिच्याखाली जे लिहिलं होतं ते इथं छापता येणार नाही. पाहुण्यांनी ती पाहिली नसेल. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी पाहिली होती.

पोरांचा राग आलाच, पण त्याहून जास्त राग आला तो त्या वाक्याचा. तृतीयपंथीयांचा विषय निघाला की बालगंधर्वांचं नाव पुढं करायचं आणि आपण किती उदार आहोत याचा निर्वाळा देऊन मोकळं व्हायचं, ही आपली जुनी खोड आहे. बालगंधर्वांच्या थोरवीबद्दल वाद नाही. 1911 सालच्या 'मानापमान'मधली भामिनी आणि 1916 सालच्या 'स्वयंवर'मधली रुक्मिणी बघून घरंदाज बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला लागल्या, केस बांधायला लागल्या. पण खेळ संपला की ते नारायणराव राजहंस होते, हे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक होतं. त्या कौतुकाला एक अट होती. पडदा पडला की साडी उतरली पाहिजे. ज्या माणसाला साडी उतरवायचीच नाही, जो पुरुष म्हणून वाढवला गेला पण आतून बाई आहे आणि भरदिवसा, बाजारात, बसमध्ये बाई म्हणूनच राहू इच्छितो, त्याला आपण काय दिलं? बालगंधर्वांना मिळालेली माया त्याच्या खात्यावर जमा धरता येत नाही.

गंमत म्हणजे आपल्या कलेनंही बहुतेक वेळा हीच अट पाळली. 'जोगवा' हा मोलाचा सिनेमा आहे. राजन गवसांच्या कादंबऱ्यांवर राजीव पाटलांनी तो उभा केला, उपेंद्र लिमयेंना तायप्पाच्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. पण तायप्पाच्या अंगावर साडी येते ती देवीच्या नावानं आणि घरच्यांच्या दबावानं. त्याची लढाई ती साडी उतरवण्याची आहे. अशी लढाईही खरीच असते. फक्त ती लिंगबदलाच्या इच्छेची गोष्ट नव्हे, आणि आपण मात्र ती तशी म्हणून दाखवत फिरतो.

मला खरी तुलना करावीशी वाटते ती दोन माणसांची. एक 'नटरंग'मधला गुणा कागलकर, दुसरा सतीश आळेकरांचा बेगम बर्वे.

गुणाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा रवी जाधवांचा सिनेमा 1 जानेवारी 2010 रोजी आला, आणि त्यातल्या लावण्यांवर शाळेशाळेतल्या स्नेहसंमेलनात पोरी अजून नाचतात. गुणा पैलवान गडी. फड उभा करायचा तर नाच्या पाहिजे, कोणी पुढं येत नाही, म्हणून तो स्वतः उभा राहतो. अतुल कुलकर्णींनी या भूमिकेसाठी शरीर आधी कमावलं आणि मग उतरवलं. भरदार छाती जाऊन कमरेत लचक येते, हात बोलायला लागतात, हे आपल्या डोळ्यांदेखत होतं. मराठी पडद्यावर देह बदलताना इतक्या जवळून फार थोड्या वेळा पाहायला मिळाला आहे. पण या बदलात गुणाला स्वतःचं असं काही गवसतं का? नाही. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पुरुषच आहे, आणि साडी हा त्यानं कलेपायी चढवलेला बळी आहे. घर तुटतं, गाव हिणवतं, त्याच्यावर पाशवी अत्याचार होतो. प्रेक्षक रडतो तो 'एवढा मर्द गडी, काय पाळी आली त्याच्यावर' म्हणून. त्या रडण्यात आणि परवाच्या मोबाइलवरच्या हसण्यात एक गोष्ट समान आहे. दोघांनाही बाईपण म्हणजे पुरुषाची घसरण वाटते.

आता बर्वे बघा. 1979 साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीनं हे नाटक आणलं, दिग्दर्शन आळेकरांचंच, आणि बर्व्यांच्या भूमिकेत चंद्रकांत काळे. बर्वे कधी गाजलेच नाहीत. नाटक मंडळीत किरकोळ बायकी कामं करण्यात हयात गेली, आणि आता उदबत्त्या विकायच्या, मालक श्यामरावाची शिवीगाळ खायची. रात्री मात्र जुन्या पदांच्या सुरात साडी अंगावर येते. जावडेकर आणि बावडेकर हे दोन सडेफटिंग कारकून ऑफिसातल्या नलावडेबाईंची स्वप्नं बघत असतात. त्या स्वप्नात बर्वे शिरतात आणि स्वतःच नलावडेबाई होतात. जावडेकरांशी लग्न लागतं. मग डोहाळे लागतात. कारकुनाचा संसार, पोटात मूल. बर्व्यांना एवढंच हवं असतं.

इथं कोणी सक्ती केलेली नाही. फड वाचवायचा नाही, देवीचा कोप टाळायचा नाही. टाळ्या देणारा प्रेक्षकसुद्धा नाही. बर्व्यांना बाई व्हायचं असतं, आणि झाल्यावर ते सुखी असतात. मराठी कलेत हे सुख मी दुसरीकडं इतकं उघडं पाहिलेलं नाही. मग श्यामराव येतो आणि सगळं ओरबाडून काढतो. गुणाचं दुःख साडी नेसावी लागली याचं, तर बर्व्यांचं ती उतरवावी लागली याचं. परवाच्या पाहुण्यांना मी गुणा विसरून महिनाभर बर्व्यांच्या सहवासात राहायला सांगेन.

या नाटकाबद्दल पानंच्या पानं लिहिली गेली. संगीत नाटकाचा मावळता काळ, मध्यमवर्गाचं खुरटलेपण, स्वप्न आणि वास्तव यांची सरमिसळ. हे सगळं त्यात आहे. पण या सगळ्या अर्थांच्या गर्दीत साडी नेसून बसलेल्या त्या म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाला कोणी विचारलं नाही की, बाई, तुम्हांला काय हवं होतं? आपण त्यांना प्रतीक केलं आणि बाजूला ठेवलं. आळेकरांनीही त्यांना सुख दिलं ते स्वप्नातच. दिवसाउजेडी बर्व्यांना जागा नाही.

आता ज्या गोष्टीवर मी पुन्हा पुन्हा लिहितो, तीच, आमच्या खडीगंमतीची, पुन्हा लिहितो. गुणाची गोष्ट पश्चिम महाराष्ट्राच्या तमाशाची आहे. बोर्डावर बाया आल्यावर त्या तमाशात नाच्या उरला तो बायांच्या बाजूला उभा राहून हशा मिळवण्यापुरता. गणपत पाटलांनी सिनेमात जन्मभर हीच कामं केली. घरी ते बायकापोरांत रमलेले संसारी गृहस्थ. तरी 2008 साली ते गेले तोवर लोकांच्या संशयानं आणि टोमण्यांनी त्यांची पाठ सोडली नाही. आमच्या जुन्या खडीगंमतीत तसं नव्हतं. तिथं नाच्या हाच नायिका. डफ, चोनकं, टाळ यांच्या मध्ये उभा राहून रात्रभर सवाल-जवाब झेलायचा, शाहिराला घाम फोडायचा. ताडपत्रीच्या आडोशाला तो तयार होताना मी पाहिलं आहे. बांबूला टांगलेला हातभर आरसा, दाढी दोनदा उलटी करून घेतलेली, घुंगरांनी कातडी सोलू नये म्हणून घोट्याला आधी जुन्या धोतराची पट्टी. कुंकू लावताना हात थरथरला तर पुसून पुन्हा लावायचं. सकाळी हाच माणूस धान कापायला बांधावर हजर. यातल्या कोणासाठी ते नुसतं काम असतं आणि कोणासाठी वर्षातून तेवढ्याच रात्री श्वास घ्यायची मुभा असते, हे त्याचं त्यानंच सांगावं. पण ते ऐकायला कॅमेरा इकडं येत नाही. तमाशावर इतके सिनेमे झाले, खडीगंमतीच्या नाच्यावर एक मोठा सिनेमा व्हायला काय हरकत होती? झाला असता तर गुणाहून वेगळा माणूस पडद्यावर आला असता, असं मला ठामपणे वाटतं.

रवी जाधवांचाच पुढचा प्रवास बघण्यासारखा आहे. 'नटरंग' झाला, 2011 साली 'बालगंधर्व' झाला, आणि 15 ऑगस्ट 2023 रोजी 'ताली' ही हिंदी मालिका आली, तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्या आयुष्यावर. विषय एकदाचा खऱ्या जागी पोचला. ज्या माणसाला साडी उतरवायची नाही, तिचीच ही गोष्ट. पण भूमिका सुष्मिता सेननं केली, गौरी होण्याआधीचा, लहानपणचा गणेशही कृतिका देव या अभिनेत्रीनं केला. दोघींनी मन लावून कामं केली आहेत. तरी मला आठवत राहते ती 2017 सालची विक्सची जाहिरात. नीरज घेवाननं दिग्दर्शित केलेल्या त्या काही मिनिटांच्या फितीत गौरी सावंत स्वतःच होत्या, आणि गोष्ट त्यांची नि त्यांच्या लेकीची होती. खोकल्याच्या औषधाच्या जाहिरातीला जे जमलं ते अख्ख्या मालिकेला जमलं नाही.

नटानं कोणीही व्हावं, हे मला शंभर टक्के मान्य आहे. तो त्याचा धर्मच आहे. मात्र ती वाट दोन्हीकडून चालती हवी. तृतीयपंथी कलावंताला कधी फौजदाराची, शिक्षिकेची, सासूची भूमिका मिळते का? ती मिळायला लागली की मग सुष्मिता सेनबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. 'कारभारी लयभारी' या मालिकेत गंगाची भूमिका प्रणित हाटे यांना मिळाली आणि घराघरांत लोकांनी ती पाहिली. आकाश कोसळलं नाही.

लिहिण्याच्या बाबतीत तर आता कारणं सांगायला जागाच नाही. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' 2012 सालचं, वैशाली रोडे यांनी शब्दांकन केलेलं. त्यात दया मागितलेली नाही, भरपूर मिजास आहे, आणि ती मला फार आवडते. दिशा पिंकी शेख यांनी आपल्या कवितासंग्रहाला नाव दिलं 'कुरूप'. गुणाचा कैवार घेणाऱ्या कोणालाही असं नाव सुचलं नसतं. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ज्याचं त्यानं ठरवायचं. त्या निकालाआधीच लक्ष्मी स्वतःची ओळख स्वतःच्या शब्दांत सांगून मोकळ्या झाल्या होत्या.

राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी हल्ली नागपुरात रंगलेल्या असतात. सायंटिफिक सभागृहाच्या त्या रंगमंचावर दरवर्षी नवं काही करू पाहणाऱ्या हौशी संस्थांना माझी हात जोडून विनंती आहे. पुढच्या वर्षी 'बेगम बर्वे' करा, आणि बर्व्यांची भूमिका तृतीयपंथी कलावंताला द्या. नागपुरात असे कलावंत आहेत, शोधायला लांब जावं लागणार नाही. आणि आमच्या तालुक्यातल्या मंडई समित्यांनो, शाल देऊ नका. नाच्याचं नाव शाहिराच्या नावाएवढ्याच टायपात फलकावर छापा, त्याच्या बिदागीचे पैसे त्याच रात्री हातात द्या, आणि त्याची चित्रफीत काढून टिंगल करणाऱ्या पोराला मांडवातच उभं करून जाब विचारा.